पाठवणीचं रडणं आणि हक्कसोडीची सही

लेक सासरी निघाली की आई रडते, आणि या रडण्याचं आपल्याकडे कोण कौतुक! तीच लेक जळगावहून एकटी पुण्याला नोकरीसाठी निघाली तर कौतुक आटतं, चौकशा सुरू होतात. मुलगा निघाला की डबाभर लाडू नि अभिमान. घर दोघांचंही सुटतं, पण मुलाचा त्या घरावरचा हक्क सुटत नाही.

आईचं दुःख खोटं नाही. तीही कुणाची तरी आंडेर आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तेराव्या वर्षी सासरी गेल्या, तेही शेजारच्या जळगावात. त्यांच्या माहेरच्या ओढीवर माना डोलावणारे आपण, एवढ्याशा अंतरावरचं घर परकं का व्हावं, हे विचारत नाही.

आखाजीला लेकी येतात. निंबाला झोके, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस. आणि सगळ्या बहिणी एकत्र सापडतात म्हणून हक्कसोडपत्राचा विषयही तेव्हाच निघतो. धुळे-जळगावच्या गावांत हे मी अनेकदा पाहिलं आहे. समजूत घालायला पुढे केली जाते ती आईच: "भावाशी वाकडं घेऊ नको, माहेर तुटेल." म्हणजे ज्या मायेने पाठवणीला रडली, तीच माया सही घ्यायला वापरायची! लग्नात खर्च केला, हाच तिचा हिस्सा, असं भाऊ म्हणतात. तो पैसा मांडवात आणि सासऱ्याच्या घरात गेला. लेकीच्या हाती काय आलं?

आई हे का करते, तेही उघड आहे. म्हातारपण मुलाच्या दारात काढायचं असतं. १९५६ च्या कायद्याने नवऱ्यामागे तीही वारस आहे, पण बहुतेकदा तिचीही सही मुलाने आधीच घेतलेली असते. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात नसले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. आईबापांना सांभाळायची जबाबदारी २००७ च्या कायद्याने लेकीवरही आहेच. ती टाळायला मात्र कुणी तिच्याकडून हक्कसोड लिहून घेत नाही.

मैत्रिणींनो, येत्या आखाजीआधी गटात बसून मोजा. किती जणींची नावं वारसनोंदीत लागली, किती जणींची नंतर कमी झाली, सही घेताना कागद वाचून दाखवला होता का. आपली सही झाली असेल तर तीही धरा, आणि आकडे पुढच्या अंकासाठी पाठवा.