खिशातला फोन आणि पेढीची पत

घोटीच्या बाजूने एक नवा रस्ता गेला आहे. गेला म्हणजे शब्दशः गेला. गावात तो आला नाही. समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा तुकडा २६ मे २०२३ रोजी खुला झाला, भरवीर ते इगतपुरी हा सुमारे २५ किलोमीटरांचा ४ मार्च २०२४ रोजी, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. ठरलेल्या जागांवाचून या रस्त्यावरून मोटारीस उतरता येत नाही, आणि ताशी १२० किलोमीटरांच्या वेगाने जाणाऱ्या गृहस्थास घोटीतील दुकानाची पाटी दिसावी ही अपेक्षाच व्यर्थ होय. जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याचा स्वभाव निराळा. तेथे माणूस थांबतो, पाय मोकळे करतो, आणि थांबलाच आहे तर पाच-दहा किलो इंद्रायणी गाडीत टाकतो. तो रस्ता अद्याप वाहता आहे हे खरे. परंतु वाटसरूच्या थांबण्यावर ज्यांनी धंदा उभारला त्यांना आता रात्री झोप लागत नसेल तर त्यात नवल नाही.

वाटेबरोबर व्यापाराचे दैव फिरावे, हे या मुलखास अपूर्व नाही. १८६५ साली थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीस आली, तेव्हाही पुष्कळांना आपले बिऱ्हाड व आपला धंदा नव्याने मांडावा लागला. फरक इतकाच की, त्या वेळी सल्ला देणारे थोडे होते. हल्ली सल्ल्याचा सुकाळ आहे. ‘डिजिटल व्हा’, ‘ओळखी वाढवा’, ‘नेतृत्व करा’ ही त्रिसूत्री आमच्या घरातील मुलेसुद्धा पाठ म्हणतात. ती खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु सूत्र पाठ झाले म्हणजे वृत्ती कळली असे नव्हे, हे ज्याने कौमुदी घोकली आहे त्यास निराळे सांगावयास नको. या तीन गोष्टींचा घोटीसारख्या गावातील, एकत्र कुटुंबाने चालविलेल्या लहान गिरणीला किंवा दुकानाला नेमका अर्थ काय, एवढेच आज पाहू.

प्रथम पैशाचे यंत्र घेऊ. गल्ल्यापुढे टांगलेली ती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट, जिला आमचे दुकानदार सरसकट ‘स्कॅनर’ म्हणतात, ती मुळी दुकानासाठी जन्मलीच नाही. १९९४ साली जपानात डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद झटपट व्हावी म्हणून ती काढली. आपल्याकडे २०१६ साली यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला मोठ्या नोटा रद्द झाल्या, आणि पुढे ही चौकट भाजीवालीच्या टोपलीपर्यंत पोहोचली. देशभरातील यूपीआयच्या व्यवहारांनी ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला एक हजार कोटींचा आकडा ओलांडला आणि बरोबर दोन वर्षांनी दोन हजार कोटींचा. बँक खात्यातून आलेल्या अशा पैशावर जानेवारी २०२० पासून दुकानदारास शुल्क पडेनासे झाले, हेही त्या प्रसाराचे एक कारण आहे.

वडीलधारे म्हणतात, ‘हे सारे नवीन.’ आम्हाला तसे वाटत नाही. पैसा न हलविता पैसा पोहोचविण्याची विद्या आपल्या पेढ्यांना चांगली अवगत होती. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदतीची हुंडी ठरल्या दिवसांनी वटे, आणि शहाजोग हुंडी असली तर ती बाजारात पत असलेल्या शहाच्या हातूनच वटवावी लागे. म्हणजे कागद कोणाच्या हातात आहे, यास कागदाइतकेच मोल होते. हुंडीत आणि चौकटीत खरा भेद आहे तो असा की, हुंडीचा लेख पेढीच्या वहीत पेढीवाल्यास स्वतः उतरावा लागे. चौकटीचा लेख आपोआप उतरतो. आणि जे आपोआप उतरते ते कोणी वाचीत नाही.

आमच्या मते लहान धंद्याचे मर्म येथे आहे. पैसा लवकर आला, सुटे मोडावे लागले नाहीत, खोटी नोट पदरी पडली नाही, हे लाभ उघड आहेत. परंतु ते चिल्लर आहेत. मोठा लाभ नोंदीचा. कोणत्या वारी किती गिऱ्हाईक आले, कोण पुन्हा आले, आषाढात खप किती आणि नवे भात आल्यावर किती, हे पूर्वी अंदाजाने सांगत. आता ते लिहिलेले मिळते. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सातवा अध्याय केवळ हिशेबाच्या कचेरीस दिला आहे, आणि वर्षाचे हिशेब आषाढात आणून हजर करावेत असा दंडक घातला आहे. राज्यास वर्षातून एकदा चालले. दुकानास रोजमेळ रोजच हवा.

भाताच्या गिरणीचेच पाहा. एक क्विंटल भात सडले म्हणजे साधारण दोन तृतीयांश तांदूळ हाती येतो. बाकीचे तूस, कोंडा आणि थोडे वाया. शिवाय हाती आलेल्या तांदळातही अखंड किती आणि कणी किती, यावर नफ्याचे पारडे फिरते. तांदळाच्या पिशवीचे पैसे चौकटीवर आले, कोंड्याचे रोख आले, कणी उधार गेली, अशी तीन वाटांची मिळकत ज्या घरी तीन ठिकाणी राहते, त्या घरी गिरणी नफ्यात आहे की तांदूळ तोट्यात विकून कोंड्यावर चालली आहे, हे कोणासच ठाऊक नसते. सायंकाळी दिवेलागणीनंतर दहा मिनिटे फोनमधील यादी, गल्ल्यातील रोकड आणि उधारीची वही या तिन्ही एका ओळीत मांडाव्या. यास कोणतेही नवे यंत्र लागत नाही. बसणारा मनुष्य मात्र लागतो.

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. आमच्या परिचयाच्या एका घरात दोघा भावांची गिरणी आहे. चौकट लावण्याची वेळ आली तेव्हा थोरल्यांच्या चिरंजीवांनी आपले बचत खाते तीस जोडले. कारण घरात फोनची विद्या त्यांनाच होती. हेतू निर्मळ होता. तीन वर्षे सर्व सुरळीत चालले. पुढे चिरंजीव नोकरीस पुण्याला गेले. तेथील घरभाडे, हप्ता, सिनेमाची तिकिटे, सर्व काही त्याच खात्यातून जाऊ लागले, आणि इकडे भाताचे पैसे शेतकऱ्यास द्यावयाच्या दिवशी धाकट्या काकांना पुतण्यास फोन करून पैसे मागावे लागले. ‘काका, पैसे माझ्या खात्यावर येतात, पण ते गिरणीचेच आहेत की!’ असे पुतणे म्हणाले. ते खरेच होते. परंतु आपल्याच गिरणीचे पैसे पुतण्याकडे मागण्याचा प्रसंग साठीच्या माणसावर यावा, यातले दुःख पुतण्यास कळणे कठीण. त्या घरी दिवाळीपर्यंत दोन्ही बिऱ्हाडांत बोलणे बेताचेच राहिले. अखेर गिरणीच्या नावाने चालू खाते उघडले गेले, चौकट त्यास जोडली, आणि खात्यातील येणे-जाणे दोघा भावांच्या फोनवर दिसावे अशी व्यवस्था झाली. हे पहिल्या दिवशी करावयास एक दुपार पुरली असती.

एकत्र कुटुंबात ‘आपले सर्व एकच’ ही भावना फार मोलाची आहे. ती जेवणाच्या पंक्तीत असू द्यावी. खात्यात ती नको. घरखर्चास गिरणीतून महिन्याला ठराविक रक्कम उचलावी, तिची नोंद करावी, आणि तिच्याबाहेर लग्नकार्य निघाले तर तेही ‘घरखाती नावे’ असे लिहावे.

नोंद अशी चोख राहिली म्हणजे तिचा दुसरा उपयोग कळतो. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु वर्गास ५० हजार, किशोरास ५ लाख व तरुणास १० लाख रुपयांपर्यंत कर्ज तारणाविना मिळू शकते; तरुण वर्गातले कर्ज ज्यांनी फेडले त्यांच्यासाठी २०२४ साली ही मर्यादा २० लाखांपर्यंत वाढविण्यात आली. परंतु बँकेच्या अधिकाऱ्यास आपल्या आजोबांची अब्रू ठाऊक नसते. त्यास खात्यावरची वर्षभराची उलाढाल दिसते. ती पुतण्याच्या बचत खात्यात सिनेमाच्या तिकिटांशी मिसळलेली असेल, तर गिरणी असून नसल्यासारखीच. १ जुलै २०२० पासून चालू झालेली उद्यम नोंदणीही करून ठेवावी. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी पैसे मागणारा कोणी भेटल्यास त्यास चहा पाजून वाटेस लावावे.

या नोंदणीचा एक उपयोग फार थोड्यांच्या ध्यानी आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचा माल घेणाऱ्याने लेखी करार असल्यास ठरल्या मुदतीत, व ती मुदत कितीही लिहिली तरी फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. भात सडून तांदूळ करणारी गिरणी ही उत्पादक आहे. नुसता घेऊन विकणारा व्यापारी या विलंबाच्या तरतुदीत येत नाही. खानावळवाल्यास तांदूळ देऊन चार-चार महिने हात चोळीत बसणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे. उठल्यासुटल्या गिऱ्हाइकास कायदा दाखवावा असे आम्ही म्हणत नाही. तसे करणाऱ्याजवळ कायदा राहतो, गिऱ्हाईक राहत नाही. पण बिलावर देय तारीख छापावी, आणि ती येण्याच्या आठ दिवस आधी सौम्य शब्दांत फोनवरून स्मरण द्यावे. तोंडाने मागण्यास जो भिडस्तपणा आडवा येतो तो लिहिण्यात येत नाही.

ओळखीच्या प्रकरणात आम्ही थोडक्यात आटोपणार आहो, कारण त्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. पावसाळ्यात भंडारदऱ्यास व कळसूबाईकडे जाणारी मुंबईकर मंडळी घोटीसच वळतात. निघण्यापूर्वी ती फोनमधील नकाशा पाहतात. त्या नकाशावर आपल्या गिरणीचे नाव, उघडण्याची वेळ, फोनचा क्रमांक व खरे छायाचित्र असणे ही आजची पाटी आहे, आणि तिला भाडे पडत नाही. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने व्यापाऱ्यांसाठी निराळे ॲप काढले. त्यात मालाची यादी लावता येते. दुकानाचा क्रमांक घराच्या क्रमांकाहून वेगळा ठेवावा. आणि गिऱ्हाइकांस रोज सकाळी गुलाबाच्या फुलासह शुभेच्छा धाडू नयेत. नवे भात सडून झाले, इतके तांदूळ, असा भाव, एवढे वर्षातून चार-सहा वेळा कळविले तर ते वाचले जाते.

समव्यवसायी लोकांची ओळख मात्र फोनने होत नाही. मराठी उद्योजकांनी एकत्र यावे म्हणून माधवराव भिडे यांनी २००० साली सॅटर्डे क्लब स्थापन केला, त्याचे बीज समोरासमोर बसण्यातच होते. घोटीत तर शेजारच्या गिरणीवाल्याकडे जाण्यास चपलाही लागत नाहीत. अडचण मनाची आहे. तो प्रतिस्पर्धी, त्याच्याशी काय बोलावे! वास्तविक पिशव्यांची छपाई, मालमोटारीचे भाडे, रंगानुसार दाणा निवडणाऱ्या यंत्राचा खर्च या तिन्ही गोष्टी चौघांनी मिळून केल्यास हलक्या होतात. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोंपर्यंतच्या छापील पिशवीतील तांदळावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आला. हा हिशेब प्रत्येकाने निरनिराळा चुकवीत बसण्यापेक्षा एक जाणता लेखापाल चौघांनी मिळून धरणे बरे.

राहता राहिले नेतृत्व. हा शब्द ऐकला की आमच्या डोळ्यांपुढे सभेतील पुढारी येतो. परंतु लहान धंद्यात त्यास जुना शब्द आहे, कर्ता. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला, त्यातून लिज्जत उभे राहिले. तेथे लाटणारी प्रत्येक जण भागीदार मानली जाते. आमच्या घरांतून नेमके उलट दिसते. वर सांगितलेल्या घरीच मुंबईच्या गिऱ्हाइकांच्या मागण्या फोनवर घेणे, पिशव्यांवर नावे घालणे, तक्रार आली तर गोड बोलून बदलून देणे, हे सर्व धाकट्या सूनबाई करीत. खाते उघडण्याच्या बैठकीस मात्र त्यांस कोणी बोलाविले नाही. त्या आत चहा करीत होत्या. कोणते गिऱ्हाईक कणीवरून तक्रार करते आणि कोणते भावावरून, हे त्या एकट्यांस ठाऊक होते. थोरल्या भावांस हे आम्ही बोलून दाखविले, तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले आणि मग आत हाक मारून म्हणाले, ‘सूनबाई, तो फोन घेऊन इकडे बाहेर येऊन बसा.’ सायंकाळचा रोजमेळ आता त्या वाचून दाखवितात, आणि वहीत दोघे भाऊ आळीपाळीने उतरतात.

एक सावधगिरी सांगावयाची राहिली. चौकटीवर पैसे घेताना आपणास गुप्त आकडा कधीही घालावा लागत नाही; तो घालणे म्हणजे पैसे देणे. ‘पैसे पाठवितो, आकडा घाला’ असे सांगणारा लुच्चा समजावा. गिऱ्हाइकाने आपल्या फोनवरील हिरवी खूण दाखविली म्हणजे पैसे आले असेही धरू नये. आपल्या खात्यात दिसले म्हणजेच आले. फसवणूक झालीच तर लाजेने दडवून न ठेवता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या तासा-दोन तासांत कळविल्यास रक्कम अडवून धरण्याचा संभव अधिक असतो. हा क्रमांक गल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. उधारीच्या वहीसंबंधी पुष्कळ लिहावयाचे आहे. ते पुढील अंकी.