वाद्य परतले, वादक कोठे आहे?

सॅक्सोफोन परत आला, अशी द्वाही गेली काही वर्षे पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या बाजारात फिरवली जात आहे. वार्ता आनंदाची असेल तर तिचे स्वागत करण्यास समाजवाद्यांनी कचरू नये. परंतु बाजार जेव्हा उत्सव मांडतो, तेव्हा त्या उत्सवाचा जमाखर्च तपासणे हे आपले कर्तव्यच ठरते.

१८४६ साली आदोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने पॅरिसमध्ये या वाद्याचे एकस्व मिळवले. प्रतिस्पर्धी कारखानदारांनी त्याला कोर्टकज्जांत जेरीस आणले. अनेकदा दिवाळे निघून १८९४ साली तो दारिद्र्यात मरण पावला. लष्करी बँडसाठी घडवलेल्या या वाद्याला पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी माणसाचा कंठ दिला. नाझींना ते खुपले. १९४९च्या सुमारास स्तालिनच्या रशियातही त्याच्यावर बंदीची कुऱ्हाड कोसळली, हेही आपण विसरता कामा नये. हुकूमशहा वाद्य हिसकावून घेतो. भांडवलशाही अधिक चतुर आहे. ती वाद्य ठेवते आणि वादकाला वगळते.

१९७८चे 'बेकर स्ट्रीट' आणि १९८४चे 'केअरलेस व्हिस्पर' ही गाणी जगाच्या स्मरणात राहिली ती मुख्यतः सॅक्सोफोनच्या सुरावटीमुळे. त्यानंतर स्वस्त इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा पूर आला, अभिरुची पालटली आणि हे वाद्य चेष्टेचा विषय बनले. २०११ साली लेडी गागाच्या 'द एज ऑफ ग्लोरी'त आणि एम ८३च्या 'मिडनाइट सिटी'त ते पुन्हा दुमदुमले. लेडी गागाच्या गाण्यात ते वाजवणारे क्लॅरेन्स क्लेमन्स त्याच वर्षी जूनमध्ये निवर्तले. २०१३च्या 'टॉक डर्टी' या नृत्यगीतात मात्र जो तुकडा पुनःपुन्हा घुमतो, तो त्या गाण्यासाठी कोणी वाजवलेलाच नव्हता. बाल्कन बीट बॉक्स या वाद्यवृंदाच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून तो घेतलेला होता. या दोन वर्षांतील हा फरकच आजच्या प्रश्नाचे मर्म आहे.

चार सेकंदांचा एक तुकडा एकदा मुद्रित झाला की तो हजार गाण्यांत फिरवता येतो. गिरणीत यंत्र मजुराशी स्पर्धा करते; येथे वादकाला स्वतःच्याच साठवलेल्या श्वासाशी स्पर्धा करावी लागते. मृत श्रम जिवंत श्रमावर स्वार होतो, या मार्क्सच्या विचाराचे याहून ढळढळीत उदाहरण कोणते? कंत्राटी वादकाला एका बैठकीचे ठरावीक पैसे मिळतात. पुढे ते गाणे कोट्यवधी वेळा ऐकले गेले तरी त्याचे उत्पन्न प्रामुख्याने ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जाते. प्रक्षेपणाप्रमाणे इंटरनेटवरील श्रवणातूनही वादकांना न्याय्य वाटा मिळावा, अशी शिफारस ब्रिटिश संसदेच्या समितीने २०२१ साली केली, तेव्हा बड्या कंपन्यांनी तिला कडवा विरोध केला.

यंत्रामुळे गरीब मुलालाही घरबसल्या गाणे रचता येते, असा युक्तिवाद केला जातो. तो खरा आहे. परंतु आमचा वाद यंत्राशी नाही, मालकीशी आहे. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाही. मग त्या गरीब मुलाचा कैवार कोण घेत आहे?

हे दूरदेशीचे दुखणे नाही. 'आराधना' चित्रपटातील 'रूप तेरा मस्ताना' या गाण्यातला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील वाद्यवृंद ज्यांच्या बळावर उभे राहिले, त्या गोमंतकीय वादकांपैकी बहुतेकांची नावे तबकड्यांवर आली नाहीत. पुढे सिंथेसायझरने ती दालने रिकामी केली. २०१२च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्याने सादरकर्त्याला मानधनाचा हक्क दिला खरा. परंतु त्यातच एक पुस्ती जोडली. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक अथवा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या प्रथेनुसार ज्याचे नाव कोठेही दिले जात नाही, तो एका मर्यादित नैतिक हक्कापुरताच सादरकर्ता मानला जाईल! म्हणजे ज्याचे नाव गाळण्याची रूढी आहे, त्याचा हक्क त्या रूढीच्याच आधारे गाळण्याची वाट मोकळी. अन्यायाची प्रथाच येथे अन्यायाचा कायदेशीर पुरावा बनते.

शेतकरी आणि असंघटित मजूर होरपळत असताना सॅक्सोफोनची चर्चा कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की घरोघर डबे पोचवणाऱ्या तरुणाची आणि या वादकाची कैफियत एकच आहे: कामापुरते दाम, नंतर ना नाव, ना वाटा. कला हे श्रम नव्हे, असे मानणे हा भांडवलदारांना सोयीचा भ्रम आहे. तो आपण का जोपासावा?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. ती पुस्ती रद्द करा. प्रत्येक ध्वनिमुद्रणावर वादकाचे नाव सक्तीचे करा. इंटरनेटवरील श्रवणाच्या उत्पन्नात त्याला हस्तांतरित न होणारा वाटा द्या. त्याच्या वादनाचा तुकडा अन्यत्र वापरण्यापूर्वी त्याची संमती घ्या. या मागण्या वादकांच्या संघटनांबरोबरच कामगार चळवळीनेही उचलल्या पाहिजेत. वाद्य परतले याचा आनंद आम्हालाही आहे. परंतु ज्याच्या फुफ्फुसांतून तो सूर निघाला, त्याला हक्काने परत आणल्याखेरीज तो पुरा होणार नाही.