मुंबई वजनकाट्यावर

काही वर्षांपूर्वी इंटरव्ह्यूमध्ये एक फॅशन होती. कोडिंग विचारायच्या आधी उमेदवाराला शिकागोत पियानो ट्यून करणारे किती, बसमध्ये टेनिसचे चेंडू किती मावतील, असं काहीबाही विचारायचं. पहिल्या प्रश्नाचं श्रेय एन्रिको फर्मीला देतात. उत्तर बरोबर येण्याला महत्त्व नाही, विचार कसा करतो ते बघायचं. मीही दुसऱ्या बाजूला बसून हा छळ केलेला आहे. माझा आवडता प्रश्न होता, "मुंबईचं वजन किती?"

बहुतेक जण माणसांपासून सुरुवात करायचे. साहजिक आहे, लोकलमधून उतरून आलेल्या माणसाला मुंबई म्हणजे माणसंच वाटणार! २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे १ कोटी २४ लाख लोक होते. लहान मुलं धरून सरासरी ५० किलो पकडा. झाले सव्वासहा लाख टन. ऐकायला दणदणीत आकडा. पण महापालिका रोज जवळपास ३८५ कोटी लिटर पाणी पुरवते, म्हणजे साडेअडतीस लाख टन. आपल्या सगळ्यांच्या वजनाच्या सहापट पाणी रोज भातसा-वैतरणा-तानसाकडून येतं आणि बरंचसं गटारातून समुद्राला मिळतं.

मग इमारती. इथे अंदाजपंचे करावं लागतं, पण अगदीच दाहोदरसे नाही. झोपडपट्टीपासून मलबार हिलपर्यंत सगळं एकत्र करून, ऑफिसं, दुकानं, शाळा धरून माणशी १५ चौरस मीटर बांधकाम मानू. (२०११ साली शहरातले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहत होते, त्यामुळे मी हात आखडताच ठेवलाय.) आरसीसीचा सांगाडा, विटांच्या भिंती, प्लास्टर, लाद्या मिळून एका चौरस मीटरला दीड टन. गुणाकार करा, साधारण २८ कोटी टन. खरा आकडा २० असेल किंवा ४० असेल, मी भांडणार नाही. पण ३ नसेल आणि ३०० पण नसेल. या हिशोबात माणसं पाव टक्कासुद्धा भरत नाहीत.

रस्ते, पूल, पाइपलाइनी मी धरलेल्याच नाहीत. भराव तर नाहीच. सात बेटं जोडताना समुद्रात टाकलेली माती शहराच्या वजनात धरायची की पृथ्वीच्या, यावर मित्रांबरोबर तासभर वाद घातला, निष्पन्न काही नाही. असो.

आता हेच २८ कोटी टन शहराच्या साधारण ४५० चौरस किलोमीटरवर सारखे पसरले, तर चौरस मीटरला सहाशे किलोच्या आसपास येतात. म्हणजे साठ-बासष्ट सेंटिमीटर पाण्याइतके. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो! सगळे टॉवर, चाळी, मॉल एका पारड्यात आणि एका महिन्याचा पाऊस दुसऱ्यात टाकला तर पाऊस खाली बसेल. हे कळल्यावर मी दोनदा एक्सेल तपासलं. २६ जुलै २००५चे ९४४ मिलिमीटर घेऊन याहून भारी वाक्य लिहायचा मोह झाला होता, पण तो आकडा सांताक्रूझचा. त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरसुद्धा पडला नव्हता. एका ठिकाणचं माप अख्ख्या शहराला लावणं ही अशा हिशोबातली सगळ्यात जुनी चूक.

मला यात बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. २०२३ साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले टॉम पार्सन्स आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कचं वजन काढलं. १० लाख ८४ हजार ९५४ इमारती, सुमारे ७६ कोटी टन. (शहर वर्षाला एक-दोन मिलिमीटर खचतंय, ते या वजनाने किती, हे त्यांना बघायचं होतं. रस्ते-पूल त्यांनीही धरले नाहीत.) न्यूयॉर्कची वस्ती ८८ लाख. म्हणजे माणशी ८५-९० टन. आपले माणशी २२. आपण काटकसरी आहोत म्हणून नव्हे हो, एका खोलीत सहा जण झोपतो म्हणून.

त्यामुळे "बांधकाम थांबवा" असं मी म्हणू शकत नाही. आमचीच बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय आणि आईचे गुडघे लिफ्टची वाट बघतायत. पण वजनाचा चष्मा एकदा डोळ्यावर चढला की सोसायटीची मीटिंग वेगळी दिसायला लागते. तिथे सगळं चौरस फुटात चालतं. कार्पेट किती, एफएसआय किती, कॉर्पस किती. टनात कोणीच बोलत नाही.

आमची चोवीस फ्लॅटांची इमारत धरा १,४०० चौरस मीटर, म्हणजे २,१०० टन. पंधरा टनी डंपरच्या १४० फेऱ्या. कुठे जाणार? २०१६च्या नियमांनी महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा काढणाऱ्याला आधी तसा आराखडा द्यायला सांगितलं होतं. पण खाडीकाठाने गाडी चालवताना खारफुटीच्या कडेला रात्रीत उगवलेले विटांचे ढीग तुम्हीही पाहिले असतील. ते कोणाच्या तरी स्वयंपाकघराचे ओटे असतात. आणि नव्या इमारतीची खडी तरी कुठून येणार? कुठल्या तरी डोंगरातून, जिथल्या लोकांना ना लिफ्ट मिळणार, ना कॉर्पस.

आणि पोडियम! नव्या टॉवरच्या बुडाशी असलेले पार्किंगचे मजले. रॅम्प धरून एका गाडीला साधारण ३० चौरस मीटर लागतात, भिंती नाहीत म्हणून चौरस मीटरला एकच टन धरू. एका गाडीच्या निवाऱ्याला ३० टन काँक्रीट. एका मुंबईकराच्या वाट्याला, घर-ऑफिस-शाळा सगळं मिळून, २२. माझीही एक गाडी आहे, आठवड्यातले पाच दिवस ती उभीच असते. वजन वाढवायचंच असेल तर ते माणसांच्या डोक्यावरच्या छपरासाठी वाढावं, तिच्यासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागच्या मीटिंगमध्ये मी दोन प्रश्न विचारले. राडारोडा कुठे जाणार ते करारात लिहून मिळेल का, आणि पोडियम पाचाऐवजी तीन करता येतील का. पहिल्यावर आर्किटेक्टने वहीत काहीतरी टिपून घेतलं. दुसऱ्यावर मागून आवाज आला, "अहो, पार्किंग कमी केलंत तर फ्लॅटचा भाव पडेल ना!" बरेच जण हसले, त्यात ज्यांच्याकडे गाडीच नाही असे चार जण मी मोजले. पुढची मीटिंग दोन रविवारांनी आहे. एक्सेलची प्रिंट काढून ठेवलीय.