मांजरसुंब्याचा चौक आणि चार दिशांचे पाणी

मांजरसुंबा हे बीड तालुक्यातील गाव बालाघाटाच्या माथ्यावर, धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ वर आहे. बीडहून दक्षिणेला निघालेला रस्ता पाली ओलांडून घाट चढतो आणि वर आला की मांजरसुंब्याचा चौक लागतो. जामखेड–पाटोद्याकडून येऊन नेकनूर, केज, अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता इथेच महामार्गाला छेदतो. त्यामुळे तुळजापूरचे भाविक, लातूर–पुणे करणारे नोकरदार, विदर्भ–खानदेशातून पंढरपूरला निघालेल्या गाड्या, साऱ्यांच्या वाटेत हा चौक येतो. माणसे उतरतात, चहा घेतात, इथली रबडी खातात किंवा डब्यात भरून घेतात आणि पुढे निघतात. मुक्कामाला कोणी राहत नाही. या चौकातून कोणत्याही दिशेला तासा-दीड तासाच्या आत पाहण्याजोगे बरेच काही असताना ही घाई खटकणारी आहे.

इथली बहुतेक स्थळे पाण्याने घडवली आहेत. दुष्काळाच्या बातम्यांतूनच बीड ओळखणाऱ्याला हे विधान विचित्र वाटेल, पण त्यामागे भूगोल आहे. बालाघाट म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेले पठार. माथा जवळपास सपाट, कडा मात्र एकदम तुटलेली. कठीण काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. मधल्या सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि भेगांत ते मुरते, आडवे सरकते आणि कडेला दरीत उघडे पडते. म्हणून पठारावर पिण्याच्या पाण्याचे वांधे असले तरी कपारीत झरा सापडतो. जिथे झरा, तिथे देऊळ, समाधी किंवा मठ उभा राहिला. पाऊसही अगदीच नगण्य नाही. वर्षाची सरासरी साडेसहाशे–सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे, पण तो चार महिन्यांत पडतो, कधी चार दिवसांतही, आणि उतारावरून पळून जातो.

या झऱ्यांतील सर्वांत मोठे ठिकाण कपिलधार. मांजरसुंब्यापासून पाच-सहा किलोमीटरवर पठार संपते आणि रस्ता दरीत उतरतो. खाली वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची संजीवन समाधी आहे आणि मंदिराला लागूनच कड्यावरून धबधबा कोसळतो. मन्मथस्वामी सोळाव्या शतकातले. ‘परमरहस्य’ हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ मराठी लिंगायत घरांत आजही पारायणाला लावला जातो. वीरशैव विचार म्हटला की कन्नड वचने आठवतात. तोच विचार मराठीत, ओवीच्या चालीत आणणारी परंपरा मराठवाड्यात रुजली आणि तिचे मध्यवर्ती तीर्थ या दरीत आहे. मराठी साहित्याच्या इतिहासात वारकरी आणि महानुभाव परंपरांना मिळते तेवढी जागा या परंपरेला मिळालेली नाही, ही उणीव कपिलधारची गर्दी पाहिली की जास्तच जाणवते. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून, तसेच कर्नाटक आणि तेलंगणातूनही दिंड्या पायी येतात. त्या दिवसांत मांजरसुंब्याच्या चौकात टाळांचा आवाज आणि ट्रकचे हॉर्न एकमेकांत मिसळलेले असतात.

धबधबा बारमाही नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत तो भरात असतो, पुढे त्याची धार बारीक होते. ओला बेसाल्ट अतिशय निसरडा असतो. वरच्या कडेवर उभे राहून छायाचित्रे काढण्याची हौस इथे महागात पडू शकते. खालून दिसणारा धबधबा वरून दिसणाऱ्या धबधब्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे, त्यामुळे कड्यावर जाण्याचे कारणही उरत नाही.

घाट उतरून बीडच्या दिशेला निघाले की पालीजवळ बिंदुसरा प्रकल्पाचा तलाव दिसतो. बिंदुसरा याच डोंगरात उगम पावते, बीड शहराचे दोन भाग करत सिंदफणेला मिळते आणि तिचे पाणी अखेर गोदावरीत जाते. तलाव भरून सांडव्यावर पाण्याची चादर वाहू लागली की बीडकर ती पाहायला सहकुटुंब येतात. एरवी नाल्यासारखी दिसणारी ही नदी काय करू शकते, ते जुलै १९८९ च्या पुराने दाखवले. त्या पुराच्या आठवणी शहरातील जुन्या पेठांत अजून निघतात.

पालीच्या पुढे, शहराच्या पाच-सहा किलोमीटर अलीकडे, महामार्गाजवळच खजाना बावडी आहे. या परिसरात एकच वास्तू पाहायला वेळ असेल तर ती ही. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहच्या काळात, १५८२ साली, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. आखणी राजा भास्कर या स्थापत्यकाराची. वरून ती एक मोठी गोल दगडी विहीर दिसते. तिचे खरे काम जमिनीखाली चालते: दोन भुयारी मार्गांनी पाणी आत येते आणि तिसऱ्या मार्गाने बाहेर पडून केवळ नैसर्गिक उताराच्या जोरावर खालच्या शिवारात पोचते. ना मोट, ना रहाट, ना आजच्या भाषेत मोटार. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेले पाणी योग्य पातळीवर अडवायचे आणि जमिनीचा उतार मोजून ते पुढे काढून द्यायचे, एवढाच हा हिशेब. पण तो अचूक जमल्यामुळे बांधकाम चार शतकांहून अधिक काळ उपयोगी पडले. दुष्काळातही बावडीची पातळी हलत नाही, अशी पिढ्यानपिढ्यांची समजूत आहे. औरंगाबादेत मलिक अंबरने नहर खोदवली ती यानंतर, सतराव्या शतकाच्या आरंभी. तिचे नाव शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचले. राजा भास्करचे नाव बीडबाहेर फारसे कोणी ऐकलेले नाही.

याच सुमारास भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरही असेच काम चालले होते. तिथे बारमाही नदी नाही, जमीन चुनखडीची, आणि पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बीडपेक्षाही कमी. राजधानी व्हॅलेटा उभी राहिली, पण तिला पाणी नव्हते. १६१० ते १६१५ या काळात बेटाचा तेव्हाचा शासक ग्रँड मास्टर विग्नाकूर याने रबात–डिंगलीच्या उंच भागातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालून आणि दगडी कमानींवरून शहरात आणले. आज माल्टाचे पिण्याचे निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळते आणि त्या कमानींतून काहीच वाहत नाही, तरी पर्यटक त्या आवर्जून पाहतात. सहा लाखांहून कमी वस्तीच्या या कोरड्या बेटावर २०२४ मध्ये ३५ लाखांहून अधिक पाहुणे आले. समुद्र आणि विमानतळ हे मोठे कारण खरेच. पण जलवाहिनीची एक बंद कमान कुठे आहे, कोणी बांधली आणि ती का पाहावी, हे तिथे पाटीवर आणि नकाशावर लिहिलेले असते. खजाना बावडीजवळून महामार्गावरच्या असंख्य गाड्या जातात. त्यांतल्या एखाद्या चालकाने वेग कमी करावा असे तिथे काही लावलेले नाही. ‘कोरड्या मुलखात काय पाहायचे’ ही सबब मग टिकत नाही.

बीड शहरातील कंकालेश्वर मंदिरही पाण्यातच उभे आहे. चौरस कुंडाच्या मध्यभागी, तारकाकृती तलविन्यासाचे हे जुने दगडी शिवमंदिर आहे. बाह्य भिंतींवर शस्त्रधारी स्त्रियांची शिल्पे आहेत आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. खंडेश्वरीच्या दीपमाळा आणि शहेंशाहवली दर्गा याच फेरीत होतात. शहराच्या दक्षिणेला करझणी शिवारातील टेकडीवर एक मोडकळीला आलेली घुमटी आहे, ती मुहम्मद तुघलकाच्या दाताची कबर म्हणून ओळखली जाते. दख्खनच्या मोहिमेवरून परतताना बीडजवळ सुलतानाचा दात पडला आणि त्याने तो इतमामाने पुरायला लावला, असे सांगितले जाते. राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवणाऱ्या सुलतानाला हे शोभणारेच आहे.

चौकातून पश्चिमेला पाटोद्याचा रस्ता लागतो. पहिला थांबा लिंबागणेश. तिथे भालचंद्र गणपतीचे देऊळ आणि चंद्रपुष्करणी तीर्थ आहे. पुढे नायगाव मयूर अभयारण्य. १९९४ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे ३० चौरस किलोमीटरचे, खुरट्या झाडोऱ्याचे आणि गवताचे आहे. घनदाट जंगलाची अपेक्षा ठेवून येणारा हिरमुसतो. मोराला मात्र हाच मुलूख मानवतो: किडे-दाणे टिपायला उघडी जमीन, लपायला झुडपे, रात्री बसायला ओढ्याकाठची उंच झाडे. भल्या सकाळी किंवा उन्हे कलल्यावर गेले तर मोर दिसतात. दुपारी बारा वाजता मोटार घेऊन जाणाऱ्यांना फक्त त्यांची केका ऐकू येते, तीही नशिबात असेल तर.

पाटोदा तालुक्यातच, गवळवाडीजवळ, समुद्रसपाटीपासून ८२३ मीटर उंचीवर मांजरा नदी उगम पावते. उगमाशी पाहण्यासारखे फार नाही. महत्त्व आहे ते तिच्या पुढच्या ७२४ किलोमीटरच्या वाटेला. बीड, धाराशिव, लातूर, पुढे कर्नाटक, तेलंगण असे वळसे घेत ती कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे. ते कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापून आली. नदीच्या उगमाचा पत्ता कोणी विचारला नाही.

पाटोद्याच्या त्याच रस्त्यावर, जामखेडच्या अलीकडे सौताडा आहे. इथे विंचरणा नदी पठारावरून खोल दरीत उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. पावसाळ्याच्या अखेरीस हा धबधबा कपिलधारपेक्षाही रौद्र दिसतो आणि पायऱ्या उतरून गेल्यावर दरीतून वर पाहताना कड्याची खरी उंची कळते. विंचरणेचे पाणी सीनेत आणि सीनेतून भीमेत जाते. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात माणूस गोदावरीच्या खोऱ्यातून कृष्णेच्या खोऱ्यात पोचतो. हा जलविभाजक ओलांडल्याची खूण रस्त्यावर कुठेही नाही.

चौकातून दक्षिणेला चौसाळ्यावरून सोलापूरच्या वाटेने गेले की धाराशिव जिल्ह्यात सरमकुंडी फाट्याजवळ कुंथलगिरी येते. कुलभूषण–देशभूषण मुनींचे हे दिगंबर जैन सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये इथेच सल्लेखना (आमरण उपवासाचे व्रत) घेतली. टेकडीवरची मंदिरे शांत आणि नीटनेटकी आहेत. फाट्यावर खवा आणि पेढ्यांची दुकाने. कोरडवाहू शेतीत घर चालवायला म्हशी पाळाव्या लागतात, शहर दूर असल्याने दूध टिकत नाही, म्हणून ते आटवायचे: कुंथलगिरीचा खवा आणि मांजरसुंब्याची रबडी या दोन्हींमागे हेच अर्थकारण आहे. बालाघाटच्या सीताफळाचेही तसेच. हलक्या, मुरमाड उतारावर ते आपोआप येते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ऑक्टोबरमध्ये रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून ते घेण्यात जी मजा आहे ती शहरातल्या खोक्यात नाही.

पूर्वेचा रस्ता नेकनूर, केजवरून जातो. केजहून धारूरकडे वळले तर आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७ च्या सुमारास उभारलेला किल्ला लागतो. तटबंदीच्या आत सोलादिंडी, गोडी दिंडी, खारी दिंडी अशा नावांचे पाण्याचे हौद आहेत. अंबाजोगाई मात्र घाईत उरकण्याचे गाव नव्हे. योगेश्वरी, मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची पासोडी आणि हत्तीखाना लेणी यांना एक स्वतंत्र दिवस हवा.

इथे यायचा उत्तम काळ गणपतीपासून दिवाळीपर्यंत. नेमक्या याच दिवसांच्या शेवटी बीडचे ऊसतोड मजूर ट्रक-ट्रॅक्टरवर संसार बांधून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. धबधबा दाखवायला वाटाड्या, दरीच्या तोंडाशी जेवण करून देणारे घर, मोराच्या मागावर नेणारा पोरगा, ही कामे जिथे उभी राहू शकतील तीच गावे तेव्हा रिकामी होत असतात. पर्यटनाने ऊसतोड थांबेल असे कोणी म्हणू नये. कपिलधारच्या वाटेवरची काही घरे तरी त्या ट्रकवर चढणार नाहीत, एवढी अपेक्षा वाजवी आहे. त्यासाठी कोट्यवधींचे आराखडे लागत नाहीत. पाट्या, कठडे, स्वच्छतागृहे आणि गावातल्या दहा-वीस तरुणांना वाटाड्याचे शिक्षण, इतके जिल्हा प्रशासनाने केले तरी सुरुवात होईल.

पोचणे आता पूर्वीपेक्षा सोपे आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर–बीड रेल्वे सुरू झाली. बीडहून सोलापूर, तुळजापूरकडे जाणाऱ्या एसटी मांजरसुंब्यावरूनच जातात. आडवाटेच्या ठिकाणांसाठी मात्र स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन हवे. एकच दिवस हाती असेल तर सकाळी खजाना बावडी, दुपारी मांजरसुंब्याला जेवण, तिसऱ्या प्रहरी कपिलधार असे करावे. दुसरा दिवस मिळाला तर पहाटे नायगाव आणि तिथून सौताडा. कार्तिक पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधीपासून कपिलधारच्या रस्त्यावर दिंड्यांची रीघ असते. यात्रेलाच जायचे असेल तर जरूर जावे, पण मोटार चौकात ठेवून पायी.