मुलीच्या हातातलं पुस्तक हिसकावू नका

तुमच्या लेकीच्या उशाशी ‘हाउस ऑफ हॉलो’ नावाची इंग्रजी कादंबरी दिसली, तर घाबरू नका. क्रिस्टल सदरलँड या मूळच्या ऑस्ट्रेलियन लेखिकेने ती किशोरवयीन वाचकांसाठी लिहिली आहे. २०२१ साली ती प्रसिद्ध झाली. मधलंच एखादं पान वाचलंत, तर अंगावर काटा येईल. हे काय वाचतेय आपली पोर, असं वाटेल.

तरी पुस्तक हिसकावू नका. बंद केलेलं पुस्तक मैत्रिणीच्या मोबाइलवर वाचून होतं. मग त्यातलं काय मनाला लागलं, ते तुम्हाला कळत नाही.

आधी गोष्ट समजून घ्या. ग्रे, विवी आणि आयरिस या तीन बहिणी. लहान असताना, एडिंबरा शहरात, ३१ डिसेंबरच्या रात्री आईवडिलांच्या जवळून त्या नाहीशा होतात. महिन्याभराने त्याच रस्त्यावर सापडतात. अंगावर कपडा नाही. गळ्याखाली अर्धचंद्रासारखा व्रण. पुढे त्यांचे केस पांढरे होतात, निळे डोळे काळे होतात. इतके दिवस कुठे होत्या, ते धाकटीला आठवतच नाही.

दहा वर्षांनी थोरली ग्रे पुन्हा हरवते. आता ती नामांकित मॉडेल आहे. विवी आणि आयरिस तिला शोधायला निघतात. हा शोध लंडनहून जगणं आणि मरणं यांच्या मधल्या एका जागी जाऊन पोचतो. वाटेत कुजका वास आहे, मुंग्या आहेत, माणसाच्या शरीरातून उगवणारी फुलं आहेत. शेवट मी सांगत नाही. तो तुमच्या मुलीकडून ऐका.

या भीतीची फार काळजी करू नका. तुमच्यापैकी किती जणांनी शाळेच्या वयात नारायण धारप वाचले, मतकरींच्या गूढकथा वाचल्या. रात्री दिवा लावून झोपलात आणि मोठे झालात. मुलगी दचकून उठत असेल, तर रात्रीऐवजी दुपारी वाच म्हणा. तेवढं पुरतं.

काळजी घ्यायची ती दुसऱ्याच दोन गोष्टींची. त्या खऱ्या आयुष्यातल्या आहेत.

पहिली, वडिलांची. परत आलेल्या मुली आपल्या नाहीतच, असं या बहिणींच्या वडिलांच्या मनाने घेतलं. शेवटी त्यांनी आत्महत्या केली. तुमच्या नात्यात, शेजारी किंवा शाळेत असं काही घडलं असेल, तर ही पानं मुलीला जड जातील. ती वाचायच्या आधीच तिच्याशी बोला. आत्महत्या हा शब्द घरात उच्चारायला भिऊ नका. विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरत नाही. उलट, आपल्या घरात हेही बोलता येतं, हे त्यांना कळतं.

मुलगी गप्प गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली असेल, तर पुस्तकाला दोष देत बसू नका. तिच्याजवळ बसा, तिला एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे. फोन मोफत लागतो, मराठीतही बोलता येतं. आईवडीलही करू शकतात. जवळच्या डॉक्टरांनाही दाखवा.

दुसरी गोष्ट नकोशा स्पर्शाची. या बहिणींच्या रूपाने माणसं खुळावतात, अनोळखी पुरुष मागे लागतात, अंगचटीला येतात. तुमच्या मुलीला हे परक्या देशातलं वाटणार नाही. बसमध्ये, क्लासला जाता-येता तिनेही काही सोसलं असेल. पुस्तकाच्या निमित्ताने तिला विचारा, ‘तुला कधी असा त्रास झालाय का?’ एवढंच विचारा आणि थांबा. ती सांगू लागली तर ‘तू तिथे कशाला गेली होतीस’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. ते एकदा निघालं की पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

आणि कृपा करून कपड्यांचा विषय काढू नका.

तुम्हाला इंग्रजी वाचायला जमत नसेल, तर अडून बसू नका. भाजी निवडताना तिलाच म्हणा, ‘कुठवर आलं तुझं पुस्तक? सांग ना मला.’ मुलींना गोष्ट सांगायला आवडते. कुठे ती अडखळते, कुठे घाईने पुढे जाते, तिकडे लक्ष ठेवा. आई ऐकते, वडीलही ऐकतात, हे तिला दिसू द्या. मध्येच उपदेश करू नका.

घरात दोन मुली असतील, तर आणखी एक पाहा. कादंबरीतल्या आयरिसला शाळेत नीट शिकायचं आहे, चारचौघींसारखं राहायचं आहे. पण जग तिच्याकडे ग्रेची बहीण म्हणूनच बघतं. थोरलीचा तिच्यावर जीव आहे आणि तेवढाच ताबाही आहे. आपल्याकडेही ‘ताईचे मार्क बघ, ताईचं वागणं बघ’ हे आपण सहज बोलून जातो. या पुस्तकानंतर धाकटी त्यावर काही बोलली, तर ते उर्मटपणात धरू नका. ऐकून घ्या. थोरलीलाही विचारा. ‘तू मोठी ना’ म्हणून तिच्यावर किती टाकलंय, ते ती सांगेल.

माझ्या मते हे पुस्तक १४-१५ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी नाही. धाकटी दहा-अकराची असेल तर ते तिच्या हाताशी ठेवू नका. ती हट्ट करेल. तेव्हा थोरलीला विचारा, हे हिने कधी वाचावं असं तुला वाटतं. तिने ते वाचलं आहे, तुमच्यापेक्षा ती नेमकं सांगेल.