बेटाचा उंबरठा

भारताच्या नकाशावर केरळच्या पश्चिमेस अरबी समुद्रात काही ठिपके विखुरलेले दिसतात. हा लक्षद्वीप समूह. त्याच्या अगदी दक्षिण टोकाला मिनिकॉय नावाचे बेट आहे. तेथील रहिवासी त्याला मलिकू म्हणतात. क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरहूनही कमी आणि लोकसंख्या, २०११ च्या जनगणनेनुसार, दहा हजारांहून थोडी अधिक. पांढऱ्या वाळूचा किनारा, प्रवाळाच्या कड्याने समुद्रापासून वेगळे झालेले उथळ, शांत खाजण, नारळीच्या राई आणि १८८५ सालापासून उभा असलेला दीपस्तंभ, असे या बेटाचे रूप आहे.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली. त्यानंतर देशभरातील पर्यटकांचे लक्ष या बेटांकडे वळले. मात्र १९६७ च्या नियमांनुसार बाहेरच्या माणसाला येथे परवान्याशिवाय प्रवेश मिळत नाही. ‘आपल्याच देशात फिरण्यासाठी परवाना कशाला?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा बेटाच्या भूमीत अधिक स्पष्टपणे सापडते.

मिनिकॉयवर नदी नाही, डोंगर नाही. पावसाचे पाणी सच्छिद्र प्रवाळभूमीत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर एका पातळ थराच्या रूपात तरंगत राहते. विहिरींना लागते ते हेच पाणी. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते. सांडपाणी मुरले की तोच थर दूषित होतो. समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी तयार करणारा प्रकल्प येथे २०११ मध्ये उभारण्यात आला; पण असा प्रकल्प चालवण्यास ऊर्जा लागते आणि लहान बेटावर ऊर्जाही जपूनच वापरावी लागते. पाहुण्याने उघडा ठेवलेला नळ येथे केवळ निष्काळजीपणा ठरत नाही. तो यजमानाच्या घागरीला हात घालणे ठरतो.

जी गोष्ट पाण्याची, तीच प्रवाळाची. मिनिकॉयचे कोळी खाजणातील लहान मासे जिवंत पकडतात, ते आमिष म्हणून समुद्रात टाकतात आणि गळाच्या काठीने एकेक ट्यूना बोटीत ओढून घेतात. कोकणात हा मासा कुपा म्हणून ओळखला जातो. हे आमिषाचे मासे प्रवाळाच्या आश्रयाने वाढतात. म्हणजे प्रवाळ मेले की आमिष गेले आणि आमिष गेले की बेटाचा मुख्य व्यवसाय अडचणीत आला. समुद्राचे पाणी तापल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत लक्षद्वीपमधील प्रवाळ पांढरे पडले. आधीच दुखावलेल्या या सजीव सृष्टीला पर्यटकाचे पाऊल किंवा बोटीचा नांगर ही आणखी एक इजा होय.

तिसरी गोष्ट गावांची. मिनिकॉयचे लोक महल भाषा बोलतात. ही मालदीवच्या भाषेचीच एक बोली असून तिची ताना लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. बेटावरील वस्ती लहान लहान गावांत विभागलेली आहे. तेथे पुरुषांचा एक प्रमुख असतो आणि स्त्रियांचीही एक प्रमुख असते. सार्वजनिक कामे गाव एकत्र येऊन करते. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून दूर जात राहिले, त्यामुळे घर आणि गाव चालवण्यात स्त्रियांचा वाटा मोठा राहिला. ही गावे जुनी आहेत, परंतु ती संग्रहालये नव्हेत. तेथील अंगण हे कोणाचे तरी अंगण आहे. विचारल्याशिवाय छायाचित्र घेणारा पर्यटक इतिहास पाहत नसतो. तो दुसऱ्याच्या घरात डोकावत असतो.

याचा अर्थ पर्यटकांनी तेथे जाऊच नये, असा नाही. बेटावरील तरुणांना रोजगार हवा आहे. केवळ नारळ आणि मासे यांवर सर्वांच्या आकांक्षा भागणार नाहीत. त्यांना दारिद्र्यात ठेवून बेटाची शांतता जपणे हाही अन्यायच ठरेल. प्रश्न एवढाच आहे की किती माणसे यावीत, कोठे राहावीत आणि मिळकत कोणाच्या हाती पडावी, हे ठरवताना बेटवासीयांचा शब्द प्रमाण मानला जाणार की नाही.

घराला उंबरठा असतो. पाहुण्याला अडवावे म्हणून तो घातलेला नसतो. आपण दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत आहोत, याची जाणीव तो करून देतो. मिनिकॉयचा परवाना हा असाच एक उंबरठा आहे. तो ओलांडताना जो क्षणभर थबकेल, त्यालाच ते बेट खऱ्या अर्थाने पाहता येईल.