नोटरीच्या शिक्क्याने लग्न मोडत नाही

पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही’ असे लिहायचे, चार नातेवाइकांच्या सह्या घ्यायच्या, नोटरीचा शिक्का मारायचा, की झाला घटस्फोट! ही समजूत गावात आहे तशी शहरातही आहे. हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न अशा कागदाने मोडत नाही. काही समाजांतल्या काडीमोडीच्या रूढीला कायद्याच्या कलम २९ ने संरक्षण दिले आहे. पण ती रूढी जुनी आणि अखंड असल्याचे न्यायालयात सिद्ध करावे लागते. ते जमले नाही, तर त्या कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न बेकायदा ठरते.

दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर १९७६ साली आलेले कलम १३-ब आहे. त्यासाठी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. मात्र वेगळे राहणे म्हणजे वेगळ्या घरात राहणे नव्हे. एका छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून नांदत नसाल तर ते पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. मुंबईत दुसरे घरभाडे कुणाला परवडते? अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. समेटाची शक्यताच उरली नसेल तर ही मुदत माफ करता येते, असा २०१७ चा निर्णय आहे.

खरी गोम अटींच्या मसुद्यात आहे. ‘एकदाचे सुटू दे’ या घाईत तो न वाचताच सह्या होतात. ‘मुलीच्या शिक्षणाचा योग्य तो खर्च वडील करतील’ हे वाक्य सहीच्या दिवशी समंजस वाटते आणि मुलगी बारावीला गेली की भांडणाचे मूळ होते. योग्य म्हणजे किती? क्लासची फी त्यात धरायची का? वसतिगृह? रक्कम, तारीख, खाते, दरवर्षीची वाढ, सुट्टीत मूल कुणाकडे, फ्लॅटचे उरलेले हप्ते कुणी भरायचे, स्त्रीधन कधी परत द्यायचे, हे सगळे लिहून घ्यावे. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा हक्क त्यामुळे संपत नाही. शिवाय हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून एकरकमी पोटगीचा मोठा हिस्सा अखेरच्या तारखेला देण्याची रीत शहाणपणाची आहे.

एकाचीच इच्छा असेल तर क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षांचा परित्याग असे कायद्यातले कारण पुराव्यानिशी मांडावे लागते. ‘पटत नाही’ हे त्यातले कारण नाही. पार कोलमडलेले लग्न अनुच्छेद १४२ खाली मोडण्याचा अधिकार घटनापीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केला, पण तो सर्वोच्च न्यायालयाचा. कौटुंबिक न्यायालयाला तो नाही. दावा चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते. त्यासाठी २०२० पासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पगार लपवण्याचा जुना खेळ त्यामुळे निदान अवघड झाला आहे.

नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा लागू होतो. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी जोडप्यांचे कायदे वेगळे आणि गोव्यातले नियमही वेगळे. तेव्हा शेजारणीच्या खटल्यावरून आपला अंदाज बांधू नये. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि हे कार्यालय बहुधा न्यायालयाच्या आवारातच असते.